वरून दिसणारे बोल्ट

सून : चारही स्क्रू बसले म्हणता, पण बाबा, मागचा उजवा बघा. बोटानं फिरतोय.

सासरे : अजून एक फेरा दे, बसेल.

सून : दिलाय. नुसता गरगरतो. भुसा निघालाय बाहेर.

सासरे : मग जाड स्क्रू घालू. चाळीस वर्षं सुतारकाम केलंय, सूनबाई. वजन किती म्हणालीस या तुझ्या पत्र्याच्या डब्याचं?

सून : चेसिसचं? सात किलो. गिटारचा अख्खा अँप्लिफायर त्यावर आहे. दोन ट्रान्सफॉर्मर, तेही एकाच बाजूला. आणि सगळं वरच्या फळीला उलटं टांगलेलं, वटवाघळासारखं. खाली स्पीकर. आवाज वाढवला की तुम्ही केलेली ही लाकडी पेटी थरथरते.

सासरे : बरं, तुझं म्हणणं काय?

सून : वरून आरपार बोल्ट. वर वॉशर, खाली सैल न होणारे नट.

सासरे : म्हणजे माझ्या पॉलिशमधून चार भोकं. आठ दिवस हात मारतोय त्या फळीवर. एक खिळा दिसत नाही कुठे, आणि तू वर लोखंडाच्या टिकल्या लावणार.

सून : दिसतील, हो.

सासरे : लोक म्हणतील, सुताराला साधा जोड जमला नाही.

सून : लोक गाणं ऐकायला येणारेत. वाटेत हे सुटून स्पीकरवर पडलं तर वर्षभराची मेहनत गेली. वाजवताना सुटलं तर आत चारशे व्होल्ट आहेत, आणि मी शेजारीच उभी असणार.

(सासरे सैल स्क्रू काढून हातात घेतात.)

सासरे : तुझ्या सासूचा पाय.

सून : आईंचा? त्या जिन्यावरून पडल्या होत्या ना?

सासरे : तसं तिनं सांगितलं. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, तुझ्या नवऱ्यालासुद्धा. स्वयंपाकघरातली फळी पडली होती पायावर, डब्यांसकट. मीच लावलेली. ती म्हणत होती, वजन फार होतंय, खालून टेकू द्या. मी म्हणालो, टेकू वाईट दिसतो.

सून : कधी बोलल्या नाहीत त्या.

सासरे : कशी बोलेल? सुताराच्या घरची फळी पडली म्हटल्यावर मला काम कोण देणार? जाईपर्यंत लंगडली बिचारी, आणि जिन्याला नावं ठेवत राहिली.

सून : बाबा, ड्रिल मी मारू का?

सासरे : नको, तुझा हात तिरका जातो. चेसिसवरची भोकं कागदावर उतरवून घे. फळीवर आधी चिकटपट्टी लाव, नाहीतर टवका उडेल. आणि खालून एखादी टाकाऊ फळी धर.

सून : थांबा, चेसिस बाहेर काढते. आत कीस गेला तर पंचाईत.

सासरे : त्यातला करंट गेलाय ना पूर्ण?

सून : सकाळीच उतरवलाय. मीटरवर शून्य दाखवतंय.

सासरे : धर मग. हलू नकोस. झालं पहिलं.

सून : सरळ गेलंय अगदी.

सासरे : जाणारच. वॉशर हे नकोत, त्या बरणीतले मोठे घे.

सून : मोठे जास्त दिसतील.

सासरे : दिसू देत.

सून : चेसिस परत आत बसलं. हा चौथा नट. आता पाना पुढे सरकत नाही.

सासरे : पेटी गादीवर उलटी कर. हलव आता. अगं, जोरात हलव, बाळ आहे का ते?

सून : हूं की चूं नाही.

सासरे : उचलायची मूठ मध्यावर नको लावूस. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला सरकव चार बोटं, म्हणजे उचलताना कलणार नाही.

सून : हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबा, कार्यक्रमाला न्यायला गाडी पाचला येणारे. तुमचं जेवण झाकून ठेवलंय.

सासरे : तिथे खायला काही मिळत नाही का?

सून : मिळतं की. पण तुम्ही कधी आला नाहीत, म्हणून…

सासरे : मला त्या गोंगाटातलं काही कळत नाही.

सून : नाही कळलं तरी चालतं.

सासरे : येतो. पण पुढे नाही बसणार. मागे बसतो, पेटीजवळ.

सून : आता ती धरावी लागणार नाही, बाबा.

सासरे : माहीत आहे.