मामाचं नाक आणि दोन बाटल्या

...आणि वर मामा मलाच विचारतो, "तू बोलला का नाहीस?" आता तुम्हीच सांगा, त्या माणसापुढे कोण बोलेल? मामा मधमाश्या पाळतो, मी त्याच्याकडे कामाला, आणि तीन महिन्यांपूर्वी त्याने एक रिकामी पेटी माझ्यापुढे आदळून चार माणसांत शब्द दिला, "हिच्यात मोहोळ आलं की ते तुझं!" माझं! जन्मात पहिल्यांदा काहीतरी माझं!

आता तुम्हाला सांगतो, रिकाम्या पेटीत गवती चहाचं तेल लावतात. त्या वासाने माश्यांना वाटतं, आपलंच कुणी हाक मारतंय. आणि डास पळावेत म्हणून अंगाला लावायचं ते सिट्रोनेलाचं. गवत त्याच्याच भावकीतलं, पण वास आला की माश्या तोंड फिरवतात. दोन्ही बाटल्या सारख्या! मी म्हटलं, चिठ्ठ्या चिकटवू? "चिठ्ठ्या शाळा सोडलेल्यांना लागतात! मला वासावर कळतं!" वासावर! बारा महिने नाक चोंदलेला माणूस! पण मी बोललो का? नाही बोललो.

परवा मामाने एक बाटली माझ्या पेटीत शिंपडली आणि दुसरी स्वतःच्या मानेला, कानामागे, टोपीला चोपडली. मला दारातूनच वास आला... अहो, उलटं झालं! तोंड उघडतो तोच, "बघत काय बसलास? शीक!" मिटलं तोंड. नाही बोललो.

दुपारी माश्यांचं मोहोळ उडत आलं. पेटीभोवती एक घिरटी, आणि थेट मामाच्या टोपीवर! हनुवटीपर्यंत माश्यांची दाढी! आणि एरवी तीन गल्ल्यांत ऐकू जाणारा तो आवाज, आता ओठ न हलवता, "बाळा... राजा... काहीतरी कर रे..." बाळा! आजवर गाढवाच्या वर चढवलं नव्हतं मला!

मी शेजारची स्वच्छ पेटी आणली, आत गवती चहाचे दोन थेंब टाकले, टोपी अलगद उचलून झटकली. चौदा डंख खाल्ले, पण मोहोळ बसलं! माझं!... तर मामा मान चोळत म्हणतो, "तुझं कसलं? तुझ्या पेटीत आलं का? माझ्या डोक्यावर आलं!" बघायला जमलेल्या त्याच चार माणसांनी माना डोलावल्या. आणि मी? नाही बोललो.

काल मामाने अखेर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या. स्वतः. वास घेऊन. उलट्या.

मी बोललो का?... नाही बोललो. पण या वेळी, तुम्हाला सांगतो, अगदी मजेत नाही बोललो.