कोऱ्या फॉर्मवरची सही

लेक : परत सांगा बाबा. उद्या कोर्टात विचारतील, माल भरण्याआधी ट्रक कोणी तपासला?

बाबा : मी.

लेक : त्या दिवशी तुम्ही हॉस्पिटलात होतात. हाताला सलाइन होतं.

बाबा : फॉर्मवर सही माझी आहे ना? मग झालं तर.

लेक : सही काय, दर सोमवारी चहा पिता पिता गठ्ठाभर कोऱ्या फॉर्मवर ठोकून ठेवता. टायर ठीक, ब्रेक ठीक, ड्रायव्हरची झोप झालेली, हे सगळं मी भरलं. तुमच्या पलंगाशी बसून, फोनवर. गाडीमालक म्हणाला सगळं ओके, मी खुणा केल्या.

बाबा : तू माझा हात धरून बसली होतीस. इथे अड्ड्यावर कशी येणार होतीस?

लेक : म्हणून गाडी तपासलेली होते का?

बाबा : हळू बोल, चिमणे. हमाल ऐकतील.

लेक : ऐकू देत. उतारावर ब्रेक लागला नाही, ट्रकने एका बाईंना उडवलं, आणि त्या सात महिने अंथरुणाला खिळल्या. आपले वकील म्हणतात, ट्रक तुमचा नाही, ड्रायव्हर तुमचा नाही, तुम्ही गाडी ठरवून देणारे, नुसते मधले.

बाबा : नुसते मधले. रस्त्यावर ट्रक काय कमी आहेत? मी धड गाडी निवडून देतो म्हणून तीस वर्षं लोक हा जिना चढतायत.

लेक : मग खरं सांगू या. मी सांगते.

बाबा : तू नाही. तुझं अख्खं आयुष्य पडलंय. मी काय, पिकलं पान.

लेक : पिकलं पान सकाळी दोनदा नाश्ता करतं. ते जाऊ दे. काल दुपारी कुठे होतात? वकिलांकडे नव्हतात, मी फोन केला होता.

बाबा : त्या बाईंकडे गेलो होतो.

लेक : वकिलांनी बजावलं होतं, जाऊ नका म्हणून.

बाबा : माहीत आहे. वॉकर धरून त्यांनीच दार उघडलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, निघण्याआधी तो ट्रक कोणी बघितला होता?

लेक : काय सांगितलंत?

बाबा : ‘मी’ म्हणायला गेलो. तोंडातून शब्द फुटेना.

लेक : मग उद्या कसा फुटेल?

बाबा : नाही फुटणार.

लेक : मग दोघं मिळून सांगू. सही तुमची, खुणा माझ्या. गाडी कोणीच बघितली नाही.

बाबा : लायसन्स जाईल. खालची पाटी उतरवावी लागेल.

लेक : उतरवू. लावताना स्टूल मी धरलं होतं, आताही धरीन.

बाबा : तेव्हा तू स्टुलाएवढीच होतीस.

लेक : रडताय?

बाबा : हो, रडतोय. बापाने रडू नये असं कुठे लिहिलंय?

(खाली ट्रकचा हॉर्न वाजतो.)

लेक : साबणाचा माल न्यायला गाडी आली. मालकाचा सकाळीच फोन होता, सगळं ओके म्हणून.

बाबा : माझी काठी घे. टायर तू वाजव, मी आवाज ऐकतो. आणि जिन्यावर जरा हात दे मला.

लेक : फॉर्म घेऊ?

बाबा : घे. पण बिनसहीचा घे.