दाराला उठवलं कुणी?

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, तुम्ही दारावर संशय काय घेता?" घेऊ नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, दवाखान्याचं सरकतं दार, काचेचं, देखणं, समोर माणूस आला की आपोआप बाजूला होणारं... निदान व्हायला हवं असं... आणि त्याच्या वरची ती डबी, उघडायचं की नाही हे ठरवणारी, तिच्यातला प्रोग्राम मी लिहिलेला. दार दिवसभर गुणी बाळासारखं वागायचं आणि मधेच एखाद्याला, बरोब्बर एकट्याला गाठून, उघडायचंच नाही. तो बिचारा काचेला नाक लावून उभा. आतून डॉक्टरीणबाई हात हलवतायत, या ना, या ना. हा बाहेरून हात हलवतोय, कसा येऊ, कसा येऊ. आणि मागून दुसरा कुणी आला रे आला की दार सुळकन बाजूला! म्हणजे साक्षीदार असला की सरळ वागायचं. आता मी संशयी माणूस नाही, पण हे लक्षण कुणाचं असतं, तुम्हीच सांगा.

साहेबांनी बोलावलं. साहेब रागावले की फार गोड बोलतात. "हे बघा, शुक्रवारी डॉक्टरीणबाई स्वतः दार तपासणार आहेत. एकदा जरी अडलं, तरी काम दुसऱ्यांकडे जाईल आणि तुम्ही तक्रारींच्या फोनवर." तक्रारींचा फोन! तिथला माणूस पाहिलाय तुम्ही? चांगला गाणारा, हसणारा गडी होता. आता घरी बायको म्हणते, "अहो, भूक लागलीय का?" तर हा म्हणतो, "आपली तक्रार पुढं कळवली आहे."

मग मी पहिला धरला तारवाल्याला. तारवाला म्हणजे आमच्या मागच्या टेबलावरचा, दाराचा सेन्सर त्यानं बसवलेला. "माणूस आला की माझा सेन्सर इशारा देतो," म्हणाला. "दिला होता." दिला होता, म्हणे! मी म्हटलं, दाखव. तर तो दारासमोर जाऊन उभा राहिला, परत आला, परत गेला, असा किती वेळा कोण जाणे, आणि एकदाचं दार अडलं. वर बारीकसा दिवा लुकलुकला होता, माझ्या डोळ्यांदेखत. इशारा गेला, दार ढिम्म. मी म्हटलं, "एकदाच का देतोस? परत दे की." तर म्हणतो कसा, "तोच माणूस तिथंच उभा असला तर परत कशाला देऊ?" तोंड वर करून! पण दिवा लागला होता, हे खरं.

राहिला डबीतला कर्नल. आता कर्नल म्हणजे काय, ते सांगतो, जांभया देऊ नका. डबीत प्रोसेसर एक आणि कामं ढीगभर. प्रत्येक कामाला एक थ्रेड, म्हणजे गडीच समजा. एक मोटारीपाशी, एक दिव्यांपाशी, एक दाराची राखण करणारा. आणि या सगळ्यांवरचा मुकादम म्हणजे कर्नल. गड्याला काम नसलं की त्यानं "आलं का कुणी, आलं का कुणी" करत प्रोसेसर अडवून बसायचं नाही. त्यानं मुकादमाला सांगायचं, बाबा रे, मी निजतो, माणूस आला की उठव. मुकादम त्याचं नाव निजलेल्यांच्या रांगेत घालतो आणि दुसऱ्यांकडे वळतो. इशारा आला की रांगेत बघतो, कोण निजलंय, आणि त्याला हलवतो. आणि रांगेत कुणी नसलंच तर? तर इशारा सोडून देतो! निरोप ठेवत नाही, मागाहून सांगत नाही, काही नाही. म्हटलं, सापडला चोर. आता मी संशयी माणूस नाही, पण सगळ्यांची झोप ज्याच्या हातात, त्यानं इतकं बेफिकीर असावं?

साहेब म्हणाले, "एवढं कशाला डोकं लावता? गजर लावा. क्षणाक्षणाला उठवा त्या गड्याला. इकडंतिकडं बघेल, कुणी नसलं तर परत निजेल." मी म्हटलं, "साहेब, पण मग दार का अडत होतं, ते कळणार कसं?" तर म्हणाले, "कळून काय करायचंय?" ऐकलंत? असल्या माणसाच्या हाताखाली दिवस काढतोय मी.

आणि घरी यावं, तर घरीही तेच! आमचे वडील, अण्णा, दुपारी चहाच्या आधी जरा आडवे होतात. झोप अशी की हलवल्याशिवाय उठणार नाहीत. रोजचं भांडण. अण्णा म्हणणार, "चहाला मला कुणी उठवलं नाही. गार चहा पितोय मी या घरात." आई म्हणणार, "अहो, उठवायला आले होते मी." "आली असतीस तर मी उठलो नसतो?" "म्हणजे मी खोटं बोलते?" दोघांपैकी एक जण धादांत खोटं बोलतोय, यात मला शंका नव्हती. रविवारी मी पाळतच ठेवली. पेपर उघडला आणि दोन खोल्यांच्या मधल्या बोळात खुर्ची टाकून बसलो. आई म्हणाली, "इथं अंधारात काय वाचतोयस?" म्हटलं, "वाचतोय."

अण्णा स्वयंपाकघरात डोकावले. "झाला का गं?" "नाही अजून. तुम्ही पडा, झाला की उठवते." अण्णा निघाले. निघाले ते सरळ खोलीत जातील तर शपथ... मधे न्हाणीघरात शिरले, पाय धुवायला. तेवढ्यात इकडं चहा उकळला. आई खोलीत गेली, बघते तर पलंग रिकामा. "उठलेत वाटतं," म्हणाली आणि परत फिरली. आणि अण्णा पाय पुसत बाहेर आले, खोलीत गेले, आडवे झाले आणि आई उठवील म्हणून निश्चिंत घोरायला लागले.

माझ्या हातातला पेपर गळून पडला हो! कुणीच खोटं बोलत नव्हतं. आई उठवायला आली होती, अण्णांना कुणी उठवलं नव्हतं. माझा दाराचा गडी हेच करत होता. "आलंय का कुणी? नाही," एवढं बघून तो निजायला निघायचा आणि रांगेत नाव लागायच्या आधी, त्या एवढ्याशा फटीत, माणूस यायचा. इशारा व्हायचा, मुकादम रांगेत बघायचा, पलंग रिकामा. इशारा वाया. आणि मग हा जाऊन निवांत निजायचा. बाहेर माणूस उभा, आत हा घोरतोय. मागचा माणूस येऊन नवा इशारा होईपर्यंत.

उपाय सोपा. आधी रांगेत नाव घाल, मग पुन्हा एकदा बाहेर बघ, आणि मगच डोळे मीट. मधे इशारा झालाच, तर मुकादमाला नाव सापडतं, तो निजूच देत नाही. क्रम बदलला, बस्स. तो उलटा क्रम लिहिला कुणी होता, ते राहू द्या. अण्णांनाही सांगितलं, "आधी आडवे व्हा, मग पलंगावरून विचारा, झाला का म्हणून, आणि मग झोपा." अण्णा म्हणाले, "साठ वर्षं मी झोपतोय, आता तू शिकव." पण करतात. चहा गरम मिळतो.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या. आता मी संशयी माणूस नाही, पण त्या होत्या! सरळ आल्या, तिरक्या आल्या, पाठमोऱ्या आल्या, जाते जाते म्हणत वळल्या. शेवटी एकट्याच मुकाट उभ्या राहिल्या. दार प्रत्येक वेळी उघडलं. "पसंत आहे," म्हणाल्या. मला रडूच यायचं बाकी होतं.

आणि साहेब माझ्या कानाशी येऊन काय म्हणाले असतील? "पाहिलंत? कामाला आला की नाही गजर?"

"कसला गजर?"

"काल तुम्ही गेल्यावर मीच घातला. म्हटलं, असू दे."

म्हणजे बघा... माझा क्रम चुकला असला, तरी गजर गड्याला उठवतोय, पापणी लवायच्या आत, कुणाला पत्ता लागणार नाही असा. मी म्हटलं, "साहेब, दोन दिवस काढू या तो. नुसत्या माझ्या दुरुस्तीवर चालवून बघू." साहेब म्हणाले, "बाईंनी पसंत केलंय. आता डबीला बोट लावायचं नाही." फोनवर बसायचं टळलं, तुम्हाला सांगतो, पण कशामुळं टळलं, हे जन्मात कळणार नाही मला. दारालाही विचारता येत नाही.

तेव्हापासून येता-जाता मी दवाखान्याशी थांबतो. एकटाच, न हलता, कान देऊन, उघडताना एवढासा तरी अडखळतं का म्हणून. उघडतं. आत जातो, बाहेर येतो, परत उभा राहतो. परवा डॉक्टरीणबाईंनी आतून हाक मारली, समोर बसवलं आणि विचारलं, "झोप लागते का?" म्हटलं, "मला लागते हो बाई, प्रश्न दाराच्या झोपेचा आहे." त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. निजायच्या आधी एक, आणि घरी कुणाला तरी सांगून ठेवा म्हणाल्या, वेळेवर उठवायला.

सांगून ठेवलंय आईला. उठवील तेव्हा खरं.