मिनिट का मिल

—न्हाई मॅडम, आधी माझं ऐका, मग ती पेटी उघडा. हापिसानं नवी दुर्बीण दिली, झकास हाय, मी कुठं नको म्हनतो? पन बंदुकीवर कंची बसवायची ते आत्ता ठरवायचं, मचानावर चढायच्या आधी. तुमी म्हनाल, जोशुआमामा, नेमबाज तुमी, मी चार महिन्यांची वनरक्षक, मला काय विचारता? — तुमालाच विचारनार! तुमी शेजारी बसून माप सांगनार, मी दुर्बिणीची चकती फिरवनार, दोघांची बोली एक नको? ही जुनी मिनिटाची. घड्याळातलं मिनिट न्हाई हो, कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग — चार टिकटिक फिरवली का एक मिनिट, शंभर मीटरवर गोळी तीन सेंटीमीटर वर. नवी हाय मिलची. एक मिल म्हंजे तिथंच दहा सेंटीमीटर. तुमी मिलमदी बोललात आनि मी मिनिटात फिरवलं, का बिबट्या ऱ्हायला बाजूला, गोळी भलतीकडं. एवढंच. सोपं हाय.

फौजेत अठ्ठावीस वर्सं मिनिटातच मोजलं, झोपेतनं उठवलं तरी बोटं बरोबर फिरत्यात — म्हनून तर मिलची बसवा म्हनतो. — आँ? व्हय, उलटंच बोलतोय मी. बोटांना येतं तेच नकोय मला.

का म्हंजे? गेल्या सोमवारी ह्याच उसाच्या कडंला मी आनि अजिनाथ बसलो हुतो — तुमच्या आधी माझ्या जोडीला असायचा तो गार्ड, दुसऱ्याच दिवशी बदली मागून गेला. बिबट्या दोनशे मीटरवर, बांधाखाली बसलेला. नेम मानेवर, बोट चापावर, आनि अजिनाथ हळूच म्हनला, "दोन मिनिटं!" आता सांगा, आपला मानूस दोन मिनिटं कवा म्हनतो? थांब म्हनायला! पाव्हन्याला, रिक्षावाल्याला, बायकोला, सगळ्यांना आपली दोन मिनिटंच. त्याला बांधावर बाई दिसली हुती — कडूबाई, पाथर्डीकडली ऊसतोडवाली, वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा डोक्यावर घेऊन निघालेली. आनि मी काय केलं? आठ टिकटिक वर फिरवली आनि चाप वढला. बिबट्याच्या कानावरनं गोळी गेली ती सरळ तिच्या भाऱ्यातनं. भाऱ्यातनं, मॅडम! बार ऐकून ती भारा टाकून पळाली, तिला कायबी ठाऊक न्हाई. मी भोक बघितलं, गुपचूप भारा उचलला आनि बैलांफुडं टाकला. साहेबांना सांगितलं, जीपमदी आदळून दुर्बीण हलली. म्हनून तर ही नवी आली.

असं बघू नका हो. मी कुनाला सांगनार न्हवतो हे, तोंडातनं निसटलं. पन आता निसटलंच हाय तर — ते भोक न्हाई मला झोपू देत. सोमवारी मी चुकलो आनि गुरुवारी त्याच बिबट्यानं तोडनीवाल्या बजरंगची लेक आरती नेली. कोपीच्या, त्यांच्या झोपडीच्या दारातनं, सहा वर्सांची पोर! थांबलो असतो तर बाई निघून गेली असती, बिबट्या बसलाच हुता, पडला असता. रविवारी उपासनेला गेल्तो. पाळकसाहेब म्हनले, आरतीच्या आईबापासाठी प्रार्थना करू, डोळे मिटा. मला मिटवेनात.

आनि आज परत मीच. तिकडं फडात तोडनीवाले बोलत्यात, ऐकू येतंय? किती जनं असतील? कोन कुठं वाकलंय, कोन कुठं उभं हाय? मला भ्या वाटतंय मॅडम. मिल बसवा न्हाईतर मिनिट बसवा, चापावर बोट माझंच असनार.

काय म्हनलात? मारनार न्हाई का? — व्हय. न्हाई मारनार मी. लावा साहेबांना फोन. रेंज न्हाई हिथं, सडकंवर जीपपाशी येती. हा बोल्ट घ्या, हा काढला का बंदूक नुसतं दांडकं. घ्या म्हनतो ना! सांगा, अंधार पडायच्या आत दुसरा नेमबाज पाठवा, जोशुआ भ्यालाय. का भ्याला विचारलं तर भाऱ्याचंबी सांगा, आरतीचंबी सांगा. मी सांगायला गेलो तर परत जीप आदळल्याचं खोटंच येईल माझ्या तोंडात. जावा. मोठ्यानं बोलत जावा, म्हंजे बिबट्या लांब ऱ्हाईल. आता माझ्याकडं बघू नका, जावा.