मुद्दाम चढवलेला गंज

केंटकीतल्या जत्रेत हस्तकलेच्या आणि पाककलेच्या स्पर्धांसाठी नावं नोंदवायची रांग लागली होती. काकडीच्या लोणच्याची बरणी पोटाशी धरून उभ्या असलेल्या ब्यूलाच्या पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"हार्लन, पिस्तुलाचे भाग पेटीत तयार आले, तू नुसते जोडलेस. त्यात काय मोठं?"

"तयार? लाकूड ओबडधोबड, नळी कोरी. तीन महिने कानस चालवली, लेका!"

"आणि हा तपकिरी रंग?"

"रंग नाही, गंज आहे. जुन्या पिस्तुलांसारखा मुद्दाम चढवलेला. न्हाणीघराच्या ओलीत आठवडाभर टांगली होती नळी."

"आणि तुझी व्हर्ना गप्प बसली?"

"बायको आहे ती, गप्प कसली बसते! मी चर्चला गेलो, तेवढ्यात तिने तारेच्या घासणीने नळी लख्ख केली. वर मलाच म्हणते, 'एवढी महागाची वस्तू गंजवून ठेवलीस!'"

"मग भांडलास?"

"छे! जुन्या पिस्तुलाची शोभाच या गंजात आहे, हे तिला समजावलं आणि नळी पुन्हा टांगली. या खेपेला ओलं फडकं रोज तीच फिरवायची. बघ, कुठे डाग दिसतोय?"

टेबलामागच्या बाईने विचारलं, "बनवणाऱ्याचं नाव?"

"दोन नावं आहेत, बाई. वरच्या ओळीत व्हर्ना लिहा."