मायनं पाहिलेलं चित्र

आमची माय काय चीज होती, सांगतो. स्वातंत्र्यानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. सीताबर्डीवरच्या चित्रप्रदर्शनात मी तिला घेऊन गेलो. जन्मभर माग चालवलेली बाई, एका विणकरणीच्या चित्रापुढे थांबली आणि चित्रकारालाच म्हणाली, "बाबू, हिनं मागाच्या पायाखालच्या दोन्ही पावड्या एकदम दाबल्या. धागे फाकणारच नाही, मंग आडवा धागा घेऊन धोटा जाईन कुठून?"

लोक हसले. मी कुजबुजलो, "चाल वं माय!"

चित्रकार म्हणाला, "आजी, चित्रात भाव पाहायचा असतो."

"भाव चांगला हाये गा. पण लुगडं होणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो पत्ता विचारत, चित्रांची वही घेऊन दारात हजर. मायनं वही बाजूला ठेवून त्यालाच मागावर बसवलं. दुपारभर त्यानं धागे तोडले, मायनं जोडले. शेवटी वीतभर कापड विणून झालं, तेव्हा ती वही त्याच्या हातात देत म्हणाली, "आता काढ."