जिंकलेल्या मशीनचा चहा

आता हे ऐकाच. संगणकाने जगज्जेत्याला बुद्धिबळात हरवलं, असं पेपरात आलं आणि आमच्या अमळनेरच्या नानांनी खेळणंच सोडलं. माझा पुतण्या सुनील पुण्यात संगणकाचे प्रोग्राम लिहितो. तो सुट्टीत आला, तसं मी त्याला नानांकडे नेलं.

नानांनी खेळ का सोडला ते ऐकून सुनील हसला. "नाना, आमच्या ऑफिसातला संगणक तर साधं बिल छापताना अडतो."

"पण तो जिंकला ना रे?"

"जिंकला. पण आपण जिंकलो, हे त्याला ठाऊकच नाही."

नानांनी कपाळाला हात लावला. "ठाऊक नसताना जगज्जेत्याला हरवलं? बाप रे!" मग हळूच म्हणाले, "आपल्यात जिंकणारा चहा पाजतो. त्यानं पाजला का?"

"नाही, नाना."

"मंग डाव अजून बाकी शे! मांड पट, भाऊ."